गुलाबी भुकटीतलं लोखंड

अकीकाच्या दगडाचा खल फुटला तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा नुसता कट् झाला आणि सुनंदाबाईंच्या तळव्याखाली खलाची दोन शकलं पडली. मधे गुलाबी भुकटी आणि खडे तसेच होते. सुनंदाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. कोणी नव्हतं.

धुळ्याच्या एका जुन्या कॉलेजात, फिजिक्सच्या विभागात, सुनंदाबाई परिचर होत्या. ही जागा आधी त्यांच्या नवऱ्याची, भटूची. भटू अकरा वर्षांपूर्वी अचानक गेला, आणि पदरात चार वर्षांची भूमिका असताना सुनंदाबाईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. टेबलं पुसणं, उपकरणं काढून देणं, चहा आणणं, एवढंच काम. पण विभागातले जाखेटे सर संशोधन करायचे, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की पोरं भुकटी घोटायला बसली की अर्ध्या तासात कंटाळतात, आणि ही बाई एकदा बसली की तीन तास मान वर करत नाही. तेव्हापासून घोटायचं काम सुनंदाबाईंकडे आलं. सर पाहुण्यांना सांगायचे, "भट्टीपेक्षा माझा यांच्या मनगटावर जास्त भरवसा आहे." हे वाक्य सुनंदाबाई घरी जाऊन भूमिकेला सांगायच्या. आयुष्यात त्यांच्याबद्दल कोणी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं.

भुकटी असायची दुर्मिळ मृदा म्हणतात त्या धातूंची. नावाला मृदा, पण मातीशी संबंध नाही. यंदा एर्बियम होतं, गुलाबी, पापडखारात गुलाल सांडल्यासारखं. त्यावर पीएच.डी. करत होती ज्योत्स्ना. ती सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली, घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. हे सगळं कशासाठी चाललंय हे सुनंदाबाईंना सांगायचा त्रास तिच्याआधी कोणी घेतला नव्हता. प्लास्टिकचे चेंडू आणि बांबूच्या काड्या घेऊन तिने एक मॉडेल बनवायला घेतलं होतं, आणि काड्या चिकटवता चिकटवता ती सांगायची.

"मावशी, एर्बियमचा एकेक अणू म्हणजे एकेक बारीकसा चुंबक. शेजाऱ्याचं तोंड वर असलं की याला आपलं खाली करायचं असतं. दोघंच असले तर प्रश्न मिटला. पण इथे ते त्रिकोणात बसलेत, तिघं. एक वर, एक खाली. तिसऱ्याने काय करायचं?"

"तिसऱ्याची फजितीच," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तेच. वर केलं तर एक शेजारी नाराज, खाली केलं तर दुसरा. आणि असे त्रिकोण लाखो-करोडो. म्हणून साधा चुंबक गार केला की त्याचे सगळे अणू एका शिस्तीत थिजतात, तसं यांचं होत नाही. कितीही गार करा, हे बसतच नाहीत."

"मग तुम्ही काय शोधता ताई?"

"हेच. खरंच बसत नाहीत का ते."

भट्टीतून दोन दिवसांनी निघालेल्या गोळ्या दगडासारख्या कडक असायच्या. त्या जाड पिशवीत घालून लाकडी ठोकळ्याने फोडायच्या आणि मगच अकीकाच्या खलात घोटायच्या, असा नियम. खलात कुटायचं नाही, नुसतं घोटायचं. अकीक कठीण असतो, पण ठोका सोसत नाही. सुनंदाबाईंना हे पाठ होतं. पण त्या दिवशी डिसेंबरातली परीक्षा चालू होती, दोन वेळा त्यांना बेल वाजवायला खाली बोलावलं होतं, आणि ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने नमुना घेऊन इंदूरला निघणार होती. तिथल्या एका संस्थेत अतिथंड मोजमापाचं यंत्र होतं. त्याची तारीख मिळायला सात महिने लागले होते. एक खडा फुटेना. सुनंदाबाईंनी बत्ता उचलला आणि हाणला.

तो खल सरांनी गुजरातेत, खंबातला जाऊन, स्वतः निवडून आणलेला होता.

सुनंदाबाईंचं घर देवपुरात, पायी दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत त्या भुकटी डबीत घालून घरी गेल्या. सासूबाईंच्या वेळचा लोखंडी खलबत्ता साबणाने घासला, स्पिरिटने पुसला, उन्हात वाळवला आणि खडे त्यात कुटून बारीक केले. स्वच्छ म्हणजे स्वच्छ, एवढंच त्यांना माहीत होतं. चार वाजता त्यांनी डबी ज्योत्स्नाच्या हातात दिली. फुटका खल वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या कपाटात, जुन्या बंद पडलेल्या ऑसिलोस्कोपच्या मागे सारला.

भटू असताना अहिराणीत एक म्हणायचा, "साहेबले वाईट खबर आपण नई देवानी. ती तिना पायवर जास." सुनंदाबाईंनी तेवढंच धरून ठेवलं, बातमी आपल्या पायांनी पोचेल तेव्हा पोचेल. पुढचे दोन महिने भुकटी घोटायचं काम निघालंच नाही, कारण सर परीक्षेच्या कामात होते आणि ज्योत्स्ना लिहीत होती. तरी कपाटाजवळ कोणी वाकलं की सुनंदाबाई 'मी देते काढून' म्हणत पुढे व्हायच्या.

इंदूरहून ज्योत्स्ना आली ती उड्या मारतच. आलेख काढून तिने भिंतीला चिकटवला. दोन रेषा होत्या. नमुना एकदा चुंबकाशिवाय गार करून मोजायचा, एकदा चुंबक लावून गार करून मोजायचा. काहीच थिजत नसेल तर दोन्ही रेषा एकीवर एक पडतात. ज्योत्स्नाच्या रेषा फाटल्या होत्या. मधे बोटभर फट.

"काहीतरी थिजतंय मावशी! जे बसत नाही म्हणतात, ते आपल्या नमुन्यात बसलंय!"

सुनंदाबाईंनाही आनंद झाला. तिच्यासाठी त्यांनी कोपऱ्यावरून जिलेबी आणली. जाखेटे सर मात्र आलेखासमोर बराच वेळ उभे राहिले, हनुवटीला हात लावून.

मार्चमध्ये जळगावच्या विद्यापीठात ज्योत्स्नाने हे काम मांडायचं ठरलं. बाहेरचे तज्ज्ञ येणार होते. तीन दिवस आधी सर प्रयोगशाळेत आले. ज्योत्स्ना कॉम्प्युटरवर होती, सुनंदाबाई फळा पुसत होत्या.

"ज्योत्स्ना, ही फट पन्नास अंशांवरही मिटलेली नाही; एर्बियमची असती तर केव्हाच मिटली असती. त्याच्या वर मोजलं का नाही?"

"वेळच दिला नाही त्यांनी सर. दोन ते पन्नास केल्विन, तेवढंच झालं."

"मला एकच शंका येते. लोखंड. लोखंडाचा कण जरी गेला असेल तरी अशीच फट दिसेल. मग हा सगळा शोध लोखंडाचा, एर्बियमचा नाही. घोटणं अकीकातच झालं ना?"

"अकीकातच सर. मावशींनी स्वतः घोटलंय."

सर वळले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "हो ना, सुनंदाबाई?"

"हो सर," सुनंदाबाई म्हणाल्या.

सर मान हलवून निघून गेले. ज्योत्स्ना पुन्हा टाइप करू लागली. सुनंदाबाई पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभाग रिकामा झाल्यावर त्यांनी बी.एस्सी.च्या पोरांच्या ट्रेमधून जुना पट्टीचुंबक घेतला. इतका जुना, की टाचणीसुद्धा धड उचलायचा नाही. त्याला कागद गुंडाळला. ज्योत्स्नाने डबीत ठेवलेली उरलेली भुकटी एका कागदावर पसरली आणि चुंबक वरून हळूच फिरवला. काही झालं नाही. त्यांनी श्वास सोडला. आणखी एकदा, जरा जवळून फिरवला. या वेळी गुलाबी भुकटीतून काळपट कण उठून उभे राहिले आणि चुंबकावरच्या कागदाला येऊन चिकटले. पाच, सात, मग मोजता येईनात इतके. दाढीच्या खुंटांसारखे.

सुनंदाबाईंनी चुंबक टाकला. तो फरशीवर पडला, आणि आवाजाने त्याच दचकल्या. आतापर्यंत त्यांना फुटक्या खलाची भीती होती. खल फुटला तर रागावतील, फार तर मेमो देतील. पण आता त्यांना कळलं की त्यांनी ज्योत्स्नाची तीन वर्षं घरच्या खलबत्त्यात कुटलीत, आणि वर सरांच्या तोंडावर हो म्हणाल्यात.

त्या दोन दिवसांत त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. भूमिकेने विचारलं, "आई, तुले बरं नई का?" त्या म्हणाल्या, "डोकं दुखस." नोकरी गेली तर काय, हा विचार आला की त्या डब्यातले पैसे मोजायला घ्यायच्या. पण दुसराही विचार यायचा, आणि तो जास्त छळायचा. तिकडे जळगावात कोणी तज्ज्ञ उठेल आणि सगळ्यांसमोर विचारेल, पोरी, हे लोखंड तर नाही? आणि ज्योत्स्ना म्हणेल, नाही सर, मावशींनी स्वतः घोटलंय.

निघायच्या दिवशी मॉडेल सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून सरांनी सुनंदाबाईंनाही सोबत पाठवलं. सर आदल्या दिवशीच पुढे गेले होते. सकाळी सातची एसटी. ज्योत्स्ना खिडकीशी बसली, नवी साडी, मांडीवर लॅपटॉप. सुनंदाबाईंच्या मांडीवर ते चेंडूंचं मॉडेल, दुपट्ट्यात बांधलेलं. खड्डा आला की काड्या करकरायच्या.

पारोळ्याला सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पारोळा आलं. ज्योत्स्नाने चहा मागवला, दोघींनी खिडकीतून घेतला. सुनंदाबाईंनी चहा संपवला, कप परत दिला. गाडी सुटली. एरंडोलला सांगू. दोन्ही बाजूंनी कपाशी उपटलेली मोकळी शेतं जात होती. ज्योत्स्ना डोळे मिटून पुटपुटत होती, भाषण पाठ करत होती. मधेच तिने सुनंदाबाईंचा हात धरला.

"मावशी, मला भीती वाटतेय हो."

त्या एका वाक्याने सुनंदाबाईंचं काय झालं कोण जाणे. त्या रडायला लागल्या. आवाज न करता, मॉडेलवर वाकून.

"अहो मावशी! काय झालं?"

"ताई, तो खल फुटना. मनाकडथीन फुटना तो." शहरी मराठी त्यांच्या तोंडातून निघेचना. "डिसेंबरमा. मी घर गऊ आणि लोखंडना खलबत्तामा कुटं बठ्ठं, सगळंच. माले भ्या वाटनं. मी सरले खोटं सांगं."

ज्योत्स्नाने हात काढून घेतला. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला, आणि सुनंदाबाई तो बघत राहिल्या, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. कंडक्टरने एरंडोल, एरंडोल म्हणून आरोळी दिली. माणसं उतरली, चढली.

"चुंबक लावून पाहिलात?" शेवटी ज्योत्स्नाने विचारलं.

"पाह्यना. काळे कण शेतस."

"कधी पाहिलंत?"

"परवा."

"परवा." ज्योत्स्ना खिडकीकडे वळली. "आणि आज सांगताय."

पाळधी गेलं. बांभोरीला, विद्यापीठाच्या थांब्यावर, दोघी उतरल्या. विद्यापीठाच्या फाटकातून ती पुढे आणि सुनंदाबाई दहा पावलं मागे, मॉडेल छातीशी धरून. एकदाही तिने मागे पाहिलं नाही. सर पायऱ्यांवरच उभे होते. ज्योत्स्नाने त्यांना बाजूला नेलं. सुनंदाबाई व्हरांड्यात एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पळून जावं असं त्यांना वाटलं, खरंच वाटलं. समोर महामार्ग होता, धुळ्याच्या गाड्या जात होत्या. पण मॉडेल ठेवायचं कुठे हेच कळेना.

दहा मिनिटांनी सर त्यांच्याकडे आले. त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"खल फुटतो, सुनंदाबाई. माझ्या हातूनही दोन फुटलेत. लोखंड वापरलंत, तुम्हाला माहीत नव्हतं, तो दोष माझा, मी सांगायला हवं होतं." ते थांबले. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हो म्हणालात."

सुनंदाबाईंनी मान खाली घातली. त्यांना वाटत होतं सर ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आता काय हो सर?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आता ती जाऊन सांगेल. दुसरं काय!"

सभागृहाचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. सुनंदाबाईंनी फटीतून पाहिलं. ज्योत्स्ना उभी होती. समोर वीस-पंचवीस माणसं, पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या बाहेरून आलेल्या तज्ज्ञ. मग तिने तोच आलेख पडद्यावर लावला, त्या फाटलेल्या रेषांचा, आणि म्हणाली की हा आलेख चुकीचा आहे, नमुन्यात लोखंड गेलंय, हे मला आज सकाळी कळलं. मी शोध मांडणार नाही. पद्धत मांडते आणि नमुना परत बनवते. सभागृहात खुर्च्या करकरल्या. मागे बसलेला एकजण हसला. पुढच्या बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. मग त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं, "कसं कळलं?"

सुनंदाबाईंनी डोळे मिटले.

"आमच्या विभागातल्या मावशींनी सांगितलं," ज्योत्स्ना म्हणाली. "नमुना त्यांनीच घोटला होता."

ती आणखी काही बोलली नाही. खोटं बोलल्याचं नाही, घरच्या खलबत्त्याचं नाही. सुनंदाबाईंनी दार हळूच लोटून घेतलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. कॉलेजात बातमी गेली, आणि प्राचार्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली. पंधरा दिवस सुनंदाबाई रोज सकाळी ऑफिसच्या बाकावर बसायच्या. साहेब आहेत, साहेब नाहीत, उद्या या. शिपाई जवळून गेला तरी त्या उठून उभ्या राहायच्या. भूमिकेला त्यांनी सगळं सांगितलं. पोरगी दहावीची परीक्षा देत होती, तिने पुस्तकातून मान वर करून एवढंच विचारलं, "मग आता तू कामले जाशी ना?"

शेवटी त्यांना आत बोलावलं. आत जाखेटे सर बसलेले होते. नोटिशीवर कारकुनाने दोन गोष्टी लिहिल्या होत्या, कामात हयगय आणि वरिष्ठांची दिशाभूल. सरांनी पेन घेतलं आणि दुसरी ओळ खोडली.

"हे माझ्या आणि त्यांच्यातलं आहे," ते प्राचार्यांना म्हणाले. "कागदावर नको."

पहिली ओळ राहिली. ती सेवापुस्तकात आजही आहे. नोकरीही राहिली. सर मात्र त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. पाहुण्यांसमोरचं ते मनगटाचं वाक्य पुन्हा कधी आलं नाही, आणि सुनंदाबाईंनी त्याची वाटही पाहिली नाही.

नवा नमुना घोटायची वेळ आली तेव्हा त्यांनी ज्योत्स्नाला हात जोडले. "ताई, आता माझ्याकडून नको. दुसऱ्या कोणाला सांगा."

"मावशी," ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्याइतका मोकळेपणा अजून परतला नव्हता. "मला तुमच्यावर राग आहे. अजून आहे. पण घोटायचं तुम्हीच. तुमच्यासारखं बारीक माझ्याच्याने होत नाही."

नवा खल सुनंदाबाईंनी आधी दोनदा पुसून घेतला, मग घोटायला बसल्या. दर पाच मिनिटांनी त्या थांबायच्या, खल उजेडाकडे तिरपा करून कुठे चीर पडली का बघायच्या. तीन तासांचं काम सहा तास चाललं. झाल्यावर ज्योत्स्नाने जोरदार चुंबक वापरला नाही, कारण तो एर्बियमलाही ओढतो. तोच जुना पट्टीचुंबक कागदात गुंडाळून फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. गुलाबी भुकटी जागची हलली नाही. तरी त्या रात्री सुनंदाबाईंना झोप आली नाही.

तारीख मिळायला पुन्हा पाच महिने गेले. ज्योत्स्ना इंदूरला गेली त्या दिवशी सुनंदाबाईंनी फोन कमरेला खोचूनच टेबलं पुसली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भाकरी थापत असताना फोन वाजला. पिठाच्या हाताने त्यांनी तो उचलला.

"मावशी, झालं मोजून. रेषा एकीवर एक पडल्या. या वेळी पार तीनशे अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या खोलीइतकं ऊबदार होईपर्यंत मोजलं. फट नाही कुठेच."

"म्हंजे... शोध गेला तुमचा?"

"तो शोध नव्हताच." ज्योत्स्ना थकल्यासारखी हसली. "दोन अंशांपर्यंत एकही अणू थिजला नाही. पुस्तकात लिहिलंय तसंच. आता याच्याहून गार करून बघावं लागेल; ते यंत्र इथे नाही. सर अर्ज करतायत."

"आखो गार?" सुनंदाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला. "परत घोटनं पडी का?"

"परत घोटायचं, मावशी. सोमवारी भट्टी लावते."

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली होती. भूमिका दारात येऊन उभी राहिली. "काय व्हयनं आई?"

"सोमवारले लवकर जानं शे," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि करपलेली भाकरी आपल्या ताटात काढून त्यांनी दुसरी थापायला घेतली.